मेंदू रुग्णाचा, निर्णय कोणाचा?

समरकंद येथे नोव्हेंबर २०२५ मध्ये भरलेल्या युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने मज्जातंत्रज्ञानाच्या नैतिकतेसंबंधीची एक शिफारस संमत केली. मेंदू व मज्जासंस्था यांचे व्यवहार टिपणारी अथवा त्यांत बदल घडवणारी साधने माणसाच्या प्रतिष्ठेला, स्वातंत्र्याला आणि विचारांच्या खासगीपणाला बाध येऊ न देता कशी वापरावीत, याचे दिग्दर्शन या शिफारशीत आहे. प्रामुख्याने धनिक राष्ट्रांच्या 'आर्थिक सहकार्य व विकास संघटने'ने याच विषयावर डिसेंबर २०१९ मध्ये नऊ तत्त्वे जाहीर केली होती. त्याही आधी, २००९ साली, ऑक्सफर्डच्या बॅलिओल महाविद्यालयात विचारविनिमय करून तज्ज्ञांच्या एका गटाने एक चौकट 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. नवी शस्त्रक्रिया पहिल्या कल्पनेपासून रूढ उपचारापर्यंत कोणत्या पायऱ्यांनी जावी, हे त्या चौकटीने सांगितले. मेंदूवरील शस्त्रक्रियेत नवे प्रयोग करताना कोणती बंधने पाळावीत याचा विचार तज्ज्ञमंडळी गांभीर्याने करीत आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु या स्वागताबरोबरच एक प्रश्न विचारला पाहिजे. ही तत्त्वे लिहिणारे कोण, ती ज्यांच्यासाठी लिहिली ते कोण, आणि ती मोडली गेली तर जाब विचारण्याचा अधिकार कोणाच्या हाती?

हा डॉक्टरांचा अंतर्गत प्रश्न आहे, राजकीय कार्यकर्त्यांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असे पुष्कळांना वाटेल. या समजुतीला इतिहासात आधार नाही. मेंदूवरील शस्त्रक्रियेचा इतिहास हा केवळ विज्ञानाच्या प्रगतीचा इतिहास नाही. कोणाच्या मेंदूवर कोणी, कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या सोयीसाठी हत्यार चालवले, याचाही तो इतिहास आहे.

१९३५ साली लिस्बन येथे एगास मोनिझ यांच्या मार्गदर्शनाखाली अल्मेडा लिमा या शल्यविशारदाने मनोरुग्णांच्या कवटीला भोके पाडून मेंदूच्या पुढील भागातील तंतू निकामी करण्याचा प्रयोग आरंभिला. पुढल्याच वर्षी अवघ्या वीस रुग्णांच्या आधारावर या उपचाराच्या यशाची ग्वाही देण्यात आली. इतक्या थोड्या काळात रुग्णाच्या उर्वरित आयुष्याचे काय होते हे कळणे शक्यच नव्हते. तरीही १९३६ सालीच वॉल्टर फ्रीमन आणि जेम्स वॉट्स यांनी ही शस्त्रक्रिया अमेरिकेत नेली. फ्रीमन हे स्वतः शल्यविशारद नव्हते. ते मज्जाविकारतज्ज्ञ होते. १९४६ सालापासून त्यांनी डोळ्याच्या खोबणीतून बर्फ फोडण्याच्या टोच्यासारखे हत्यार आत घालून मेंदूतील तंतू कापण्याची 'झटपट' पद्धत रूढ केली. १९५२ साली वेस्ट व्हर्जिनियातील सरकारी मनोरुग्णालयांत त्यांनी अवघ्या काही दिवसांत दोनशेहून अधिक रुग्णांवर ती वापरली. एकट्या अमेरिकेत या शस्त्रक्रियेला बळी पडलेल्यांची संख्या चाळीस ते पन्नास हजारांच्या घरात जाते. त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक होत्या. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी हिच्यावर १९४१ साली वडिलांच्या निर्णयाने ही शस्त्रक्रिया झाली, आणि ती तरुणी जन्मभर परावलंबी झाली. मोनिझ यांना मात्र १९४९ साली याच कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

हे सारे काही दुष्ट माणसांचे कारस्थान होते असे मानून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते सत्य नाही. त्या काळी अमेरिकेची सरकारी मनोरुग्णालये खचाखच भरलेली होती. १९५५ साली त्यांतील रुग्णांची संख्या साडेपाच लाखांवर गेली होती. पुरेसे डॉक्टर नव्हते, परिचारिका नव्हत्या, औषधे नव्हती आणि राज्यांच्या अंदाजपत्रकात या माणसांसाठी पैसाही नव्हता. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटांत आरडाओरडा थांबवणारा, रुग्णाला शांत व आज्ञाधारक बनवणारा आणि कदाचित घरी धाडण्याजोगा करणारा स्वस्त उपाय हाती आला. तो व्यवस्थापकांना वरदान वाटला यात नवल नाही. रुग्ण बरा झाला की नाही, हा प्रश्न मागे पडला. वॉर्ड शांत झाला, हेच यश मानले गेले. अपुऱ्या सार्वजनिक खर्चाची किंमत अशा रीतीने असहाय माणसांच्या मेंदूतून वसूल करण्यात आली.

सोव्हिएत संघाने १९५० साली या शस्त्रक्रियेवर बंदी घातली, ही गोष्ट समाजवादी चळवळीत अभिमानाने सांगितली जाते आणि ती खरीही आहे. परंतु त्याच देशात पुढील दशकांत राजकीय विरोधकांना मनोरुग्ण ठरवून इस्पितळांत डांबण्यात आले, हेही तितकेच खरे आहे. एका चुकीच्या शस्त्रक्रियेवर सरकारी हुकमाने बंदी घातली म्हणजे रुग्णाचे स्वातंत्र्य सुरक्षित झाले असे होत नाही. सत्ता बाजाराची असो वा नोकरशाहीची, तिला जाब विचारणारे कोणी नसेल तर मनोरुग्णालयाच्या भिंतीआड काय घडेल याची शाश्वती देता येत नाही.

या बाबतीत १९७३ सालचा डेट्रॉइटचा खटला प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेण्यासारखा आहे. मिशिगन राज्यातील एका सरकारी मनोरुग्णालयात सुमारे सतरा वर्षे स्थानबद्ध असलेल्या एका माणसाच्या मेंदूवर आक्रमकता कमी करण्यासाठी प्रायोगिक शस्त्रक्रिया करण्याचे ठरले होते. कागदोपत्री सर्व काही व्यवस्थित होते. एका समितीने प्रयोगाची शास्त्रीय बाजू तपासली होती, दुसऱ्या समितीने मानवी हक्कांची बाजू तपासली होती, आणि दोन्ही समित्यांनी मान्यता दिली होती. रुग्णाने संमतिपत्रावर सही केली होती. त्याच्या आईवडिलांनीही केली होती. गरिबांना कायदेशीर मदत देणाऱ्या एका वकिलाला ही गोष्ट कळली. त्याने ती वर्तमानपत्रांपर्यंत नेली आणि न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने निर्णय दिला की, सक्तीने स्थानबद्ध केलेला माणूस अशा धोकादायक आणि परिणाम अनिश्चित असलेल्या प्रयोगाला खऱ्या अर्थाने संमती देऊच शकत नाही. ज्याची सुटका, ज्याच्या सवलती, ज्याचे रोजचे जगणे संस्थेच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याच्या 'होय' या शब्दाला स्वेच्छेचा 'होय' म्हणता येत नाही.

तज्ज्ञांच्या दोन समित्यांना जे दिसले नाही ते बाहेरच्या एका वकिलाला दिसले. तो त्यांच्याहून अधिक विद्वान होता म्हणून नव्हे, तर तो रुग्णाच्या बाजूला उभा होता म्हणून. पुढे १९७४ साली अमेरिकेत मानवी प्रयोगांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला गेला, त्याने १९७७ साली मानसशल्यचिकित्सेवर अहवाल दिला आणि १९७९ साली 'बेल्मॉन्ट अहवाल' म्हणून प्रसिद्ध असलेली तत्त्वे जाहीर झाली. व्यक्तीचा आदर, हितकारकता आणि न्याय ही ती तीन तत्त्वे आज जगभर वैद्यकीय नीतिशास्त्रात शिकवली जातात. परंतु ती एखाद्या शांत ग्रंथालयात सुचलेली नाहीत. न्युरेंबर्गच्या खटल्यापासून डेट्रॉइटच्या न्यायालयापर्यंत, बळी पडलेल्यांच्या आक्रोशातून आणि लोकांच्या संतापातून ती निपजली आहेत. हा उगम विसरला की तत्त्वांचे रूपांतर छापील नमुन्यात होते.

भारत या इतिहासापासून अलिप्त नाही. १९६० च्या दशकापासून मद्रास येथे आक्रमक किंवा अतिचंचल समजल्या गेलेल्या रुग्णांच्या मेंदूतील विशिष्ट केंद्रे नष्ट करण्याच्या शस्त्रक्रिया होत होत्या. त्यांना 'शामक' शस्त्रक्रिया असे नाव देण्यात आले होते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा सुमारे सहाशे शस्त्रक्रियांचा हिशोब आहे. या रुग्णांत मतिमंद मुलेही होती. त्या शल्यविशारदांनी आपल्या काळच्या ज्ञानानुसार, आणि रुग्णाच्या कुटुंबाची दैना पाहून हे केले असेल. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु शांत झालेले मूल घराला सोयीचे झाले की स्वतः सुखी झाले, हे त्या मुलाच्या बाजूने विचारणारे कोण होते? मुलाला सांभाळणाऱ्या आईला दिवसा दोन तास मोकळीक देणारे केंद्र, विशेष शाळा, प्रशिक्षित शिक्षक यांपैकी काहीच उपलब्ध नसताना शस्त्रक्रिया हा 'पर्याय' ठरतो. इतर पर्याय समाजाने आधीच नाकारलेले असतात.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९६ ने या बाबतीत मोठे पाऊल टाकले आहे. मानसिक आजारावर उपचार म्हणून मेंदूवर शस्त्रक्रिया करायची असेल तर रुग्णाची स्वतःची माहितीपूर्ण संमती आणि संबंधित मंडळाची मान्यता अशा दोन्ही गोष्टी त्यात आवश्यक ठरवल्या आहेत. नातेवाइकांची सही पुरेशी नाही, हे या कलमाचे मर्म होय. परंतु कायद्याची ताकद मंडळाच्या कामकाजावर अवलंबून असते. मंडळाच्या बैठका नियमित होतात काय, रुग्णांचे प्रतिनिधी तेथे बोलतात काय, मंडळाने किती प्रकरणांत काय निर्णय दिला हे लोकांना कळते काय, याची विचारपूस कार्यकर्त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत केली पाहिजे.

संमतीचा प्रश्न मनोरुग्णालयापुरता मर्यादित नाही. डेट्रॉइटच्या न्यायालयाने कुलूपबंद दाराविषयी जे म्हटले ते दारिद्र्यालाही लागू पडते. जिल्ह्याच्या गावाहून मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळात आलेला रुग्ण, बाहेरच्या व्हरांड्यात सतरंजीवर झोपणारे त्याचे नातेवाईक, रोज बुडणारी मजुरी, आणि 'इथे नाही झाले तर कुठेच नाही' ही भावना, एवढे सारे ओझे घेऊन माणूस ज्या कागदावर सही करतो किंवा अंगठा उठवतो, त्या कागदाला मुक्त संमती म्हणावे काय? कागद बहुधा इंग्रजीत, वेळ शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळची, आणि समजावणारा तोच डॉक्टर जो उद्या हातात हत्यार घेणार आहे. त्याला प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, ही भीती गरीब माणसाच्या मनात खोलवर रुजलेली असते. उपचार नेहमीचा आहे की नवा, त्या डॉक्टरने तो आजवर किती वेळा केला आहे, बिघडले तर पुढे काय, हे तीन साधे प्रश्नदेखील तो विचारू शकत नाही. उत्तरे न मिळता झालेली सही रुग्णाचे रक्षण करीत नाही. ती केवळ इस्पितळाचे रक्षण करते.

येथे शस्त्रक्रियेची एक खास अडचण लक्षात घेतली पाहिजे. नवे औषध बाजारात आणायचे तर चाचण्यांचे टप्पे आणि सरकारची परवानगी लागते. नव्या उपकरणालाही आता नियम आहेत. परंतु जुनीच हत्यारे वापरून नव्या तऱ्हेने शस्त्रक्रिया करायची असेल तर शल्यविशारदाला बहुधा कोणाचीच परवानगी घ्यावी लागत नाही. आणीबाणीच्या प्रसंगी असे स्वातंत्र्य हवेच. परंतु तोच प्रयोग दहाव्या, पन्नासाव्या, शंभराव्या रुग्णावर होऊ लागला तरी त्याची मोजदाद होत नाही, तेव्हा धोका सुरू होतो. याचे बोलके उदाहरण म्हणजे कवटीबाहेरील रक्तवाहिनी मेंदूतील रक्तवाहिनीला जोडण्याची शस्त्रक्रिया. पक्षाघात टाळण्यासाठी यासारगिल यांनी १९६७ साली झ्युरिक येथे ती प्रथम केली. कल्पना तर्काला पटणारी होती, कौशल्य वादातीत होते, आणि जगभर ती झपाट्याने पसरली. अखेर १,३७७ रुग्णांवर पद्धतशीर तुलनात्मक चाचणी झाली. १९८५ साली तिचा निष्कर्ष आला: या शस्त्रक्रियेने पक्षाघात टळत नाही. तोवर हजारो माणसांच्या कवट्या उघडल्या गेल्या होत्या. २००९ ची चौकट नेमकी हीच चूक टाळण्यासाठी आहे. पहिल्या रुग्णापासून नोंद ठेवा, अपयश लपवू नका, प्रसार होण्याआधी तुलना करा आणि पुढे वर्षानुवर्षे रुग्णाचा मागोवा घ्या, हे तिचे सार आहे. यात गूढ काही नाही. सहकारी सोसायटीच्या हिशोबवहीला जो न्याय लागू, तोच मेंदूच्या शस्त्रक्रियेला लावा, एवढेच ती सांगते.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला नवे आणि अधिक गंभीर परिमाण लाभले आहे. १९८७ साली ग्रेनोब्ल येथे बेनाबिद यांनी मेंदूच्या खोल भागात विजेची सौम्य उत्तेजना देऊन कंप थांबवण्याची पद्धत विकसित केली. कंपवाताच्या असंख्य रुग्णांना तिने दिलासा दिला आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु त्यामुळे रुग्णाच्या शरीरात एक यंत्र कायमचे राहू लागले. ते यंत्र कंपनीचे असते, त्याची किंमत कित्येक लाख रुपये असते, आणि पुनर्भारित न होणारी बॅटरी साधारणतः तीन ते पाच वर्षांनी बदलावी लागते. शस्त्रक्रियेपुरती देणगी कोणी दिली तरी पाच वर्षांनंतरच्या बॅटरीचे काय, याचे उत्तर कोणत्याही संमतिपत्रात सापडत नाही.

कंपनीच बुडाली तर काय होते, हे ऑस्ट्रेलियात दिसले आहे. फेफऱ्याचा झटका येण्याआधी इशारा देणारे यंत्र मेलबर्न येथील चाचणीत पंधरा रुग्णांच्या डोक्यात बसवण्यात आले होते. २०१३ साली कंपनीचा पैसा संपला आणि यंत्रे काढून घेण्याची पाळी आली. एका स्त्रीला त्या यंत्राने नवे आयुष्य दिले होते. ते ठेवून घेता यावे म्हणून ती आणि तिचा पती पैसे उभे करण्यासही तयार होते. अखेर ते काढावेच लागले. 'सेकंड साइट' या अमेरिकन कंपनीने दृष्टिहीनांच्या डोळ्यांत बसवलेल्या यंत्रांचेही असेच झाले. २०१९ नंतर कंपनीने अंग काढून घेतले, आणि जगभरातील साडेतीनशेहून अधिक माणसे दुरुस्ती नसलेली यंत्रे शरीरात घेऊन राहिली. जानेवारी २०२४ मध्ये 'न्यूरालिंक' कंपनीने पहिल्या माणसाच्या मेंदूत आपले यंत्र बसवले. ही वार्ता जगाला कळली ती मालकाने समाजमाध्यमावर लिहिलेल्या दोन ओळींतून. आणि यंत्राचे काही तंतू मेंदूतून मागे सरकले हे कंपनीने मे महिन्यात सांगितले. ज्या संशोधनाचा पहिला वाचक भांडवलबाजार असतो त्याची शिस्त नीतीची राहत नाही, प्रसिद्धीची होते. चिली देशाने २०२१ साली राज्यघटनेत दुरुस्ती करून मेंदूच्या व्यवहाराला आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण दिले, आणि २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीविरुद्ध त्याचा वापरही केला. छोट्या देशालाही हे जमते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

यावरून नवे संशोधनच नको असा निष्कर्ष कोणी काढू नये. विज्ञानाला विरोध ही समाजवादाची परंपरा नव्हे. नवे काय शोधायचे आणि कोणासाठी, हा खरा प्रश्न आहे. युगांडातील म्बाले या गावच्या इस्पितळाचे उदाहरण या दृष्टीने डोळे उघडणारे आहे. मेंदूत पाणी साचून डोके वाढत जाणारी शेकडो बालके तेथे येत. पाणी पोटात उतरवणारी अमेरिकन नळी साडेसहाशे डॉलरची, तर उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे बनणारी 'छाब्रा' नळी पस्तीस डॉलरची. बेंजामिन वॉर्फ या शल्यविशारदाने १९५ बालकांमध्ये दोन्हींची तुलना केली आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: परिणामांत फरक आढळला नाही. वॉर्फ तेथेच थांबले नाहीत. नळी तुंबली तर खेड्यातली आई मुलाला घेऊन वेळेत इस्पितळात पोचू शकत नाही, ही वस्तुस्थिती ओळखून त्यांनी नळीशिवाय दुर्बिणीद्वारे करावयाची शस्त्रक्रिया विकसित केली. तिचीही शंभर बालकांवर नळीशी रीतसर तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मेंदूचे नवे संशोधन असेही असू शकते: रस्त्याची अवस्था, आईची मिळकत आणि इस्पितळाचे अंतर हिशेबात धरणारे, आणि तरीही पुराव्यात तसूभर कमी न पडणारे.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दरवर्षी पन्नास लाख माणसे मेंदू वा कण्याच्या आवश्यक शस्त्रक्रियेवाचून राहतात. तालुक्याच्या रस्त्यावर दुचाकीवरून पडून डोक्यात रक्तस्राव झालेला तरुण हा त्यांतलाच. त्याच्यासाठी नवा शोध लागण्याची गरज नाही. शोध केव्हाच लागला आहे, तो त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. बेल्मॉन्ट अहवालातील तिसरे तत्त्व, न्याय, येथे प्रत्यक्ष कसाला लागते. प्रयोगाचा धोका सार्वजनिक वॉर्डातील गरिबाने पत्करायचा आणि सिद्ध झालेला उपचार खासगी इस्पितळातील धनिकाने घ्यायचा, ही वाटणी कोणत्याही नीतिशास्त्रात बसत नाही.

महाराष्ट्रात या विचाराची परंपरा नवी नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली वैद्यकीय नीतीला वाहिलेले नियतकालिक सुरू केले आणि आपल्याच व्यवसायाला अप्रिय प्रश्न विचारले. असे डॉक्टर चळवळीचे स्वाभाविक मित्र आहेत. त्यांच्या प्रामाणिकपणाला लोकशक्तीची जोड देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

त्यासाठी मागण्या नेमक्या हव्यात. मेंदूवरील प्रत्येक नव्या शस्त्रक्रियेची नोंद पहिल्या रुग्णापूर्वी सार्वजनिक नोंदवहीत झाली पाहिजे, आणि यशाइतकेच अपयशही प्रसिद्ध झाले पाहिजे. संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत असावे, ते शस्त्रक्रिया न करणाऱ्या त्रयस्थाने समजावून सांगावे आणि विचाराला वेळ द्यावा. नीतिसमित्यांत रुग्णांचे आणि कामगार-शेतकरी संघटनांचे प्रतिनिधी केवळ कोरम भरण्यापुरते नव्हे, तर नकाराच्या अधिकारासह बसले पाहिजेत. शरीरात यंत्र बसवणाऱ्या कंपनीने त्या रुग्णाच्या हयातीतील दुरुस्ती व बॅटरीसाठी अनामत रक्कम आधीच सार्वजनिक निधीत ठेवली पाहिजे. आणि सरकारी संशोधनाचा पैसा प्रथम अपघात, फेफरे, बालकांच्या मेंदूतील पाणी यांसारख्या बहुजनांच्या व्याधींकडे वळला पाहिजे.

समरकंदच्या शिफारशीला कायद्याचे बंधन नाही. सभासद राष्ट्रांनी ती अमलात आणावी एवढीच अपेक्षा आहे. अशी अपेक्षा आपोआप पुरी होत नाही. डेट्रॉइटमध्ये दोन समित्यांच्या शिक्क्यांनंतरही एक माणूस वाचला, कारण बाहेरून कोणीतरी दार ठोठावले. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या, प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारावर असे ठोठावणारे हात असतील, तरच तज्ज्ञांनी लिहिलेली तत्त्वे शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजलेल्या माणसापर्यंत पोचतील.